अलास्कात हॅलिबट पकडायला जायचंय: होमर की सीवर्ड? चार्टर (कप्तानासकट भाड्याच्या) बोटीबद्दल माहिती हवी

पावसाळी

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहाजण अलास्कात असू. अँकरेजला उतरून गाडीने केनाय द्वीपकल्पावर फिरायचं ठरलंय, आणि त्यातला एक अख्खा दिवस खोल समुद्रातल्या हॅलिबटसाठी, म्हणजे तळाला राहणाऱ्या मोठ्या चपट्या माशासाठी, राखून ठेवलाय. चार मोठी माणसं, एक चौदा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई मासे खात नाहीत, पण बोटीवर यायचंच म्हणतात.

होमरहून जावं की सीवर्डहून? अर्धा दिवस पुरतो का? सामान आपण न्यायचं की बोटीवर मिळतं? बोट लागू नये म्हणून काय करायचं? आणि मासा मिळालाच तर विमानातून कसा न्यायचा? शोधलं की सगळीकडे माणसाएवढ्या माशाशेजारी उभं राहून काढलेले फोटो दिसतात. त्यातून काहीच कळत नाही.

भरतीओहोटी

पावसाळी, आधी तुमची तारीख कोणत्या वारी येते ते बघा. होमर आणि सीवर्ड दोन्ही हॅलिबटच्या नियमांसाठी आखलेल्या ३ए या क्षेत्रात येतात. तिथे चार्टर बोटींवर गेली काही वर्षं बुधवारी हॅलिबट ठेवायला बंदी असते, काही मंगळवारीही. बोटी त्या दिवशीही सुटतात, पण दुसऱ्या माशांसाठी. शिवाय माणशी दोन हॅलिबट, त्यातला एक कोणत्याही आकाराचा आणि दुसरा ठरावीक इंचांपेक्षा लहान, अशी पद्धत आहे. इंचांचा आकडा आणि बंदीचे वार दरवर्षी बदलू शकतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्या १९२३ च्या करारातून जन्मलेलं इंटरनॅशनल पॅसिफिक हॅलिबट कमिशन दर हिवाळ्यात बैठक घेतं, त्यानंतर त्या वर्षाचे नियम जाहीर होतात. म्हणून दोन वर्षं जुना लेख वाचून तारीख ठरवू नका. स्वतःची बोट घेऊन जाणाऱ्याला नियम सैल आहेत, चार्टरला कडक. लोक नेमका इथेच गोंधळ करतात.

आता होमर की सीवर्ड. पहिल्यांदाच जाताय आणि हॅलिबटच हवा, तर होमर. अँकरेजपासून साधारण २२० मैल, गाडीने साडेचार तास. होमर स्पिट नावाची साडेचार मैल लांब वाळूची जीभ समुद्रात घुसलीय, तिच्यावरच हार्बर आहे. तिथून काचेमाक उपसागर ओलांडून बोटी कुक इनलेट या मोठ्या खाडीच्या खालच्या भागात जातात. तळ बराचसा सपाट आणि वाळू-खड्यांचा आहे, हॅलिबटला असाच तळ आवडतो. नांगर टाकून एका जागी बसता येतं. उपसागराच्या आतलं पाणी आडोशाचं असतं.

गळबहाद्दर

होमरबद्दलचं पटतं, पण निम्मंच. सीवर्डला एवढ्या लवकर बाद करू नका. अँकरेजहून सव्वाशे मैल, अडीच तासांत पोचता. दिवसभरात हॅलिबट, रॉकफिश आणि लिंगकॉड अशी तीन प्रकारची मासेमारी होते. लिंगकॉडचा हंगाम त्या भागात १ जुलैला उघडतो, म्हणजे तुमच्या तारखेला ताजा उघडलेला असेल. सिल्व्हर सामन जुलैच्या उत्तरार्धात जोर धरतात, ते कदाचित हुकतील. रेझरेक्शन उपसागरातून बाहेर पडताना हिमनद्या, कड्यांवरचे पफिन पक्षी, नशीब असेल तर ओर्का (किलर व्हेल). सासूबाई मासे पकडणार नसतील तर त्यांच्यासाठी हा प्रवासच मोलाचा.

भरतीओहोटी

@गळबहाद्दर, देखावा मान्य. पण सीवर्डहून चांगल्या हॅलिबटच्या जागी पोचायला दोन ते चार तास एका बाजूने लागतात, आणि उपसागराचं तोंड सोडलं की थेट अलास्काचं आखात. दक्षिणेकडून येणारी लाट अडवायला मध्ये काहीच नाही. ६८ वर्षांच्या बाईंना आणि पहिलटकरांना तिथे बारा तास ठेवायचे का, याचा विचार आधी करा.

चहाबाज

व्हिटिअर बंदर राहिलं की. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये बेटांचा आडोसा आहे. फक्त जाताना अडीच मैलांचा बोगदा लागतो. त्यात एकच मार्गिका, गाड्या आणि रेल्वे दोन्ही त्यातूनच. ठरलेल्या वेळी एका बाजूच्या गाड्या सोडतात. दहा मिनिटं उशीर झाला तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा, आणि बोट कुणासाठी थांबत नाही.

सागरगोटा

वाचतेय. होमरच्या उत्तरेला अँकर पॉइंट आणि डीप क्रीकला बोट ट्रॅक्टरने किनाऱ्यावरून समुद्रात ढकलतात. माणसं आधीच बोटीत बसलेली असतात. चौदा वर्षांच्या मुलाला हे फार आवडेल.

नांगरगडी

धागा चांगला चाललाय, पण ज्यावर सगळा दिवस अवलंबून असतो ती गोष्ट अजून आली नाही: भरती-ओहोटी.

कुक इनलेटमधल्या भरतीची उंची जगातल्या मोठ्यांपैकी आहे. होमरला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक २० फुटांच्या वर जातो. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं. त्या ओढीत दोन-तीन पौंडांचं शिसंही तळाला टिकत नाही. दोरी तिरकी होत होत मागे वाहते, आमिष तळापासून वर उचललं जातं, आणि हॅलिबट तर तळाला. मग खाली दोनशे फुटांवर मासे असूनही वर काही येत नाही, आणि लोक कप्तानाला नावं ठेवतात.

म्हणून तारीख निवडताना चंद्र बघा. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं-उतरतं आणि ओढही कमी. भांगाच्या दिवसांत दिवसाचा बराच वेळ गळ तळाशी धरता येतो. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या मधला, पाणी थांबतं तो तासभरच खरा कामाचा. नोआच्या (अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेच्या) भरतीच्या तक्त्यात तुमच्या आठवड्यातली होमरची सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खाली अशी दोन पातळी बघा आणि ज्या दिवशी फरक कमी त्या दिवसाचं आरक्षण करा.

अर्ध्या दिवसाचं उत्तरही यातच आहे. चार-पाच तासांच्या फेरीत पाणी थांबण्याची वेळ सापडेलच असं नाही, आणि बोट जवळच्याच जागी जाते, तिथे मासे लहान. पूर्ण दिवसाच्या फेरीत निदान एकदा तरी पाणी थांबतंच.

निळी छत्री

@नांगरगडी, हे सोनं आहे. वाचनखूण साठवली.

पण अर्ध्या दिवसाला माझा विरोध नाही. लहान मासा म्हणजे वाईट मासा नव्हे. दहा-वीस पौंडांचा हॅलिबट खायला सर्वांत चांगला, मांस बारीक पोताचं आणि शिजल्यावर कोरडं पडत नाही. मोठ्या माशात पाराही जास्त साठलेला असतो, म्हणून अलास्काचा आरोग्य विभाग गरोदर बायका आणि मुलांना मोठे हॅलिबट बेतानेच खायला सांगतो. ज्यांना कधी बोटीवर गेल्याचा अनुभव नाही त्यांनी अर्धा दिवस घेतला तर बिघडत नाही.

गळबहाद्दर

निळी छत्री, अर्ध्या दिवसाला दोनतृतीयांश पैसे मोजता आणि जाण्यायेण्यातच वेळ जातो. पूर्ण दिवसाला माणशी साधारण ३०० ते ४५० डॉलर. त्यावर डेकहँडची (बोटीवरच्या मदतनिसाची) १५ ते २० टक्के टिप, ती रोख द्यायची. मासे साफ करणं त्यात बहुतेक वेळा येतं, पण हवाबंद पाकिटं करून गोठवण्याचे पैसे वेगळे, पौंडावर. आरक्षणाआधी हे सगळं लिहून मागा.

खेकडा२१

सहाजण आहात हे उत्तम जमलंय. तिथे ‘सिक्स पॅक’ म्हणतात त्या बोटी असतात. त्यांच्या कप्तानाचा कोस्ट गार्ड परवाना जास्तीत जास्त सहा भाडं भरणारे प्रवासी न्यायचा असतो. म्हणजे अख्खी बोट तुमची. कुणाला बरं वाटेनासं झालं तर परत फिरायचा निर्णय तुमचा, अनोळखी लोकांची नाराजी नाही. मोठ्या बोटीत वीस-पंचवीस माणसं कठड्याला ओळीने उभी असतात, गुंता जास्त होतो, पण बोट जड असल्याने हेलकावे कमी बसतात आणि केबिन मोठी असते. दोन्हीला दोन बाजू आहेत.

फोनवर हे विचारा: संडास दार लावता येणारा आहे का? काही लहान बोटींवर पडद्यामागे बादली असते. केबिनला हीटर आहे का? नुसतं बघायला येणाऱ्याला पूर्ण भाडं पडतं का? सहाच जागा असल्याने बहुतेक ठिकाणी पडतं. मग सासूबाईंच्या नावावर मासेमारीचा परवाना घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

पावसाळी

परवाना? म्हणजे चार्टरच्या पैशांत तो नसतो?

खेकडा२१

नसतो. अलास्का फिश अँड गेम खात्याच्या संकेतस्थळावरून प्रत्येकाने आपापला घ्यायचा. एक दिवसापासून वर्षभरापर्यंतचे मिळतात. राज्याबाहेरच्यांना वय १६ पासून पुढे लागतो, म्हणजे तुमच्या मुलाला नको. त्याच्या वाट्याचे मासे मात्र त्याचे धरले जातात, मोठ्यांच्या नव्हे. किंग सामनचा विचार असेल तर वेगळा शिक्का विकत घ्यावा लागतो. परवान्याचा क्रमांक कप्तान आपल्या नोंदवहीत लिहितो, त्यामुळे सकाळी सहाला धक्क्यावर मोबाइलची रेंज शोधत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी छापून ठेवा.

आणि कप्तान किंवा डेकहँडने तुमच्या फेरीत स्वतःसाठी हॅलिबट ठेवायचा नसतो, हाही नियमच आहे. कुणी ‘आमच्या वाट्याचेही दोन घ्या’ म्हणालं तर नाही म्हणा.

उत्तरवारा

बोट लागण्याबद्दल नीट लिहितो, कारण मासा न मिळाल्याने दिवस वाया जात नाही, याने जातो.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात राहतच नाही. मेक्लिझीन आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी तासभर एक, असं बरेच कप्तान सुचवतात. तिने झोप कमी येते. डायमेनहायड्रिनेटने जास्त येते. स्कोपोलामाइनची पट्टी कानामागे किमान चार तास आधी लावायची, तीन दिवस टिकते, अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळते. काचबिंदू असेल तर चालत नाही. पट्टीला हात लावून तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसायला धूसर होतं, म्हणून लावल्यावर साबणाने हात धुवा. वयस्कर माणसांना तिने भ्रमही होऊ शकतो आणि मुलांसाठी ती नाही. म्हणजे तुमच्याकडे सासूबाई आणि मुलगा दोघांनाही गोळीच, तीही डॉक्टरांना विचारून. कुठलंही औषध घरी एकदा घेऊन बघा, पहिला प्रयोग बोटीवर नको.

बोटीवर उभं राहायची जागा मागची, मधोमध. पुढच्या टोकाला हेलकावा सगळ्यांत जास्त. केबिनमध्ये बसून फोन बघणं सर्वांत वाईट, कारण डोळे सांगतात स्थिर आहे आणि कानातला तोल सांगतो हलतंय. बाहेर या, क्षितिजाकडे बघा. डिझेलचा धूर मागून येत असेल तर बाजू बदला. पोट रिकामं नको आणि तेलकटही नको: कोरडा टोस्ट, आल्याची बिस्किटं, केळं, थोडं थोडं पाणी.

गळबहाद्दर

केळं नको! बोटीवर केळं अपशकुनी मानतात. काही कप्तान खरंच धक्क्यावर पिशवी तपासतात. :)

उत्तरवारा

मान्य, मान्य. केळं गाडीतच संपवा.

नांगर टाकल्यावर त्रास वाढतो, हेही पहिलटकरांना माहीत नसतं. धावती बोट लाटा कापत जाते. नांगरलेली बोट एका जागी डोलते. तेव्हा ‘जाताना काही झालं नाही, आता काळजी नाही’ असं समजून गोळी टाळू नका.

सागरगोटा

लाटांच्या अंदाजात फुटांचा आकडा वाचून घाबरायचं की नाही ते कसं ठरवायचं?

नांगरगडी

सागरगोटा, नुसते फूट बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. चार फूट आणि दहा सेकंद म्हणजे बोट हळू वर जाते, हळू खाली येते. चार फूट आणि चार सेकंद म्हणजे उभी भिंत, दर चार सेकंदांनी तळाला धडका. वारा आणि ओहोटीचं पाणी समोरासमोर आलं की कुक इनलेटमध्ये हेच होतं, अंदाजात दिसतं त्याहून वाईट. ‘स्मॉल क्राफ्ट अॅडव्हायझरी’ (लहान बोटींसाठीचा हवामानाचा इशारा) लागली असेल तर लहान बोटींचे कप्तान बहुतेक फेरी रद्द करतात. कप्तानाने रद्द केली तर पैसे परत किंवा दुसरी तारीख, तुम्ही केली तर पैसे गेले, अशी सर्वसाधारण पद्धत. म्हणून चार्टर सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. सुरुवातीला ठेवा, म्हणजे एक दिवस हवा बिघडली तरी दुसरा हाताशी असतो.

निळी छत्री

कपड्यांचं कुणी लिहिलं नाही अजून. जुलै असला तरी पाणी साधारण १० अंश सेल्सियसच्या आसपास आणि वारा पाण्यावरून येतो. सुती काहीही नको, जीन्स तर नकोच, ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, वरून पूर्ण पाणी अडवणारं जाकीट आणि खांद्यावर पट्टे असलेली रबरी विजार. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, तिथे सगळे तपकिरी एक्स्ट्राटफ घालतात. बऱ्याच चार्टरवाल्यांकडे विजार आणि बूट मिळतात, माप आधी कळवा. लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी, पोलराइज्ड गॉगल आणि सनस्क्रीन. जूनच्या अखेरीला तिथे एकोणीस तास उजेड असतो, जुलैतही फारसा कमी नाही.

लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय ते चढल्याबरोबर विचारा. मुलाला घालूनच ठेवा. एवढ्या थंड पाण्यात माणूस पडला तर पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं, पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, शुद्ध जायला तासभर लागतो. म्हणजे बुडणारा माणूस गारठून बुडत नाही. पहिल्या मिनिटात पाणी गिळतो, किंवा हात चालेनासे होतात म्हणून बुडतो. जॅकेट अंगावर असेल तर ही दोन्ही संकटं टळतात.

भरतीओहोटी

आता प्रत्यक्ष मासेमारी. सामान सगळं बोटीवर असतं, स्वतःचं न्यायची गरज नाही. साडेपाच-सहा फुटांची आखूड, कडक दांडी, ८० ते १०० पौंडांची वेणीची दोरी, खाली सरकणारं शिसं दोन ते चार पौंडांचं, मग भोवरकडी, त्यापुढे दोन-तीन फूट लांब जाड लीडर (गळाला बांधलेली दोरी) आणि १६/० मापाचा गोल गळ. आमिष हेरिंग, ऑक्टोपस किंवा सामनचं डोकं. ऑक्टोपस चिवट असतो, लहान मासे तो गळावरून ओरबाडू शकत नाहीत, म्हणून कप्तान हेरिंगच्या वरून त्याचा तुकडा लावतो. हेरिंग वासासाठी, ऑक्टोपस टिकण्यासाठी.

रीळ मोकळं सोडताना अंगठा रिळावरच्या दोरीवर हलका टेकलेला हवा. अंगठा उचलला आणि शिसं तळाला आदळलं की रीळ फिरतच राहतं आणि दोरीचं घरटं होतं, ते सोडवण्यात पाणी थांबण्याची मोलाची वीस मिनिटं जातात. तळ लागला की दोरी ढिली पडते. लगेच रीळ अडकवा, दोन वेढे वर घ्या. दर पाच-सात मिनिटांनी परत तळ चाचपा, कारण पाणी चढतं, बोट झोके घेते आणि आमिष नकळत वर येतं. वीस मिनिटं काहीच जाणवलं नाही तर वर काढून बघा. बहुतेक वेळा गळ रिकामा असतो.

आणि गोल गळाचा एकच नियम: झटका देऊ नका. मासा टोचायला लागला की सगळ्यांचा हात आपोआप वर जातो. गोल गळाचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष तोंडात घेऊन वळतो, दोरी ताणली जाते, गळ ओठाच्या कोपऱ्यापर्यंत सरकत येतो आणि तिथे फिरून बसतो. झटका दिला की तो फिरण्याआधीच तोंडातून निसटतो. दांडी कठड्यावर किंवा होल्डरमध्ये राहू द्या, टोक टक-टक करेल, करू द्या. टोक वाकून पाण्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं की मग सावकाश, न थांबता रीळ फिरवायला लागा.

चहाबाज

मोठा हॅलिबट लागला की पहिले पन्नास फूट समुद्राच्या तळाचं झाकण उचलतोय असं वाटतं. मग तो एकदम सैल येतो, वर बोट दिसली की परत सरळ तळाला. पहिलटकर सैल आला म्हणून रीळ थांबवतो आणि मासा जातो. दोरी ढिली पडू देऊ नका, एवढंच.

नांगरगडी

आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) हाताने आवळू नका, डेकहँडने लावलेला असतो तसाच राहू दे. मासा ओढतोय तेव्हा रीळ फिरवूनही काही उपयोग नाही, दोरी नुसती पिळली जाते. दांडी सावकाश वर, खाली आणताना रीळ, परत वर. पाठ वाकवून नाही, गुडघे वाकवून.

मासा वर आला की डेकहँड सांगेल तिथे थांबा. मोठ्या माशाचं डोकं पाण्याबाहेर काढलं की तो पिसाळतो. डोकं पाण्याखाली, शरीर आडवं, मग गळदांडा किंवा हार्पून. डेकवर आपटणाऱ्या मोठ्या हॅलिबटने पायाचं हाड मोडू शकतं, म्हणून तो आत आला की मागे सरका, फोटो नंतर. डेकहँड कल्ले कापून रक्त काढतो आणि लगेच बर्फात टाकतो. यात आळस झाला तर मांस खडूसारखं पांढरं, कोरडं पडतं.

गळबहाद्दर

मोठ्या माशाचं काय करायचं हा वाद घालूनच टाकू. सहलीत एकदाच संधी आहे, शंभर पौंडांचा लागला तर ठेवा. नियमात बसतोय ना?

निळी छत्री

मी सोडा म्हणेन. शंभर पौंडांवरच्या हॅलिबट जवळजवळ सगळ्या माद्या. मादी प्रजननक्षम व्हायलाच साधारण बारा वर्षं लागतात, आणि मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते. मांस राठ, पारा जास्त. हॅलिबटला हवेची पिशवी नसते, त्यामुळे दोनशे फुटांवरून वर आणला तरी आतून फुगत नाही. पाण्यातच ठेवून गळ काढला तर ठणठणीत परत जातो. बोटीच्या कडेला इंच मोजा, लांबीवरून वजनाचा तक्ता असतो (साठ इंच म्हणजे शंभर पौंडांच्या आसपास), फोटो काढा, सोडून द्या. राज्याचा विक्रम ४५९ पौंडांचा, १९९६ मधला, तो तुमच्या हातून मोडायचा संभव कमीच.

गळबहाद्दर

अंड्यांचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण कायदेशीर मासा ठेवणाऱ्याला कुणी बोटीवर टोचून बोलू नये, एवढंच म्हणणं.

खेकडा२१

रॉकफिशबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. त्याला हवेची पिशवी असते. खोलातून वर आला की ती फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून उलटं बाहेर पडतं. असा मासा पाण्यावर सोडला तर तरंगत राहतो आणि मरतो. पोट टोचायचं नाही. वजन लावलेल्या चिमट्याने त्याचा खालचा ओठ धरून निदान शंभर फूट खाली न्यायचा. दाबाने हवा परत आक्रसते आणि तो पोहून जातो. अलास्कात २०२० पासून समुद्रात हौशी मासेमारी करणाऱ्या प्रत्येक बोटीवर हे साधन असणं सक्तीचं आहे. यलोआय रॉकफिश शंभर वर्षांपेक्षा जास्त जगतो. सीवर्डला गेलात तर हे कामी येईल.

सागरगोटा

हॅलिबटसारखाच दिसणारा पण तोंडात सुयांसारखे दात असलेला तो कोणता?

खेकडा२१

ॲरोटूथ फ्लाउंडर. त्याच्या मांसात एक विकर असतं, गरम केलं की मांसाचा लगदा होतो. हॅलिबटची अंगावरची रेघ बाजूच्या पराच्या वर कमानीसारखी वळते, ॲरोटूथची सरळ जाते. डेकहँड ओळखतो, पण आपल्यालाही माहीत असावं.

उत्तरवारा

विमानाचं उत्तर राहिलं.

हॅलिबटचं निम्मं वजन मांस म्हणून हाती लागतं. चार लांब पट्ट्या आणि दोन गालांचे तुकडे निघतात. गाल सोडू नका, सगळ्यांत गोड तेच. चार्टरवर मासा बोटीतच कापला तर तुकड्यांना कातडी राहायलाच हवी आणि संख्येलाही मर्यादा आहे, म्हणून बरेच कप्तान धक्क्यावर येऊनच कापतात. तिथून प्रोसेसरकडे, म्हणजे मासे पाकीटबंद करून गोठवणाऱ्याकडे. हवाबंद पाकिटं एकेका जेवणापुरती करायला सांगा आणि गोठवायला निदान एक रात्र द्या. मऊ राहिलेलं पाकीट खोक्यात बाकीच्यांनाही वितळवतं.

खोकं ५० पौंडांच्या आत ठेवा, पूर्ण भरलेलं, आत पोकळी नको. रिकामी जागा वर्तमानपत्राने भरा. घट्ट गोठलेलं आणि गच्च भरलेलं खोकं दिवसभर तसंच राहतं, कोरडा बर्फ लागतच नाही. घालायचाच असेल तर माणशी अडीच किलोची मर्यादा, खोक्याला वायू बाहेर जायला फट हवी, वर तसं लिहायचं आणि विमान कंपनीची परवानगी आधी घ्यायची. अँकरेज विमानतळावर गोठवलेलं सामान पैसे भरून ठेवायचीही सोय आहे.

आणि कच्चा खाणार असाल तर उणे २० अंशांवर सात दिवस गोठलेला हवा. त्यात ॲनिसॅकिस जंत सापडतात. नीट शिजवला तर भीती नाही.

पावसाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. तक्ता बघितला. आमच्या आठवड्यात गुरुवारी भांग आहे आणि बुधवार टळतोय. तेव्हा होमर, सहाजणांची बोट, पूर्ण दिवस, गुरुवार आणि हवा बिघडली तर शुक्रवार. सीवर्डला मासेमारीशिवाय, नुसती हिमनद्या दाखवणारी मोठी बोट सासूबाईंसाठी वेगळी घेतोय. गळबहाद्दर, तुमचे पफिन त्यात येतील.

एकच शेवटचं: सकाळी धक्क्यावर किती आधी पोचायचं?

नांगरगडी

निवड चांगली केलीत. अर्धा तास आधी पोचा, आणि गाडी लावण्यात वेळ जातो तो वेगळा धरा. उन्हाळ्यात हार्बरजवळच्या बऱ्याच जागांना पैसे पडतात.

सासूबाईंच्या दृष्टीने एक गोष्ट आणखी तपासा. होमरच्या हार्बरमधले तरंगते धक्के पाण्याबरोबर वरखाली होतात आणि त्यांच्याकडे उतरणारा लोखंडी उतार किनाऱ्याला बांधलेला आहे. भरतीला तो जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला जिन्याइतका उभा. भांगाच्या दिवशी फरक कमी असला तरी असतोच. निघायची आणि परतायची वेळ भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. परतताना पूर्ण ओहोटी येत असेल तर कप्तानाला आदल्या दिवशीच सांगा. हार्बरला एकाहून जास्त उतार आहेत, तो सोयीच्या उताराजवळ बोट लावू शकतो. माशांचं ओझं वर नेण्यासाठी हातगाड्या उताराच्या वरच्या टोकाला ठेवलेल्या असतात, उतरतानाच एक खाली घेऊन जा.